खराब कार्डातला डोमाभाऊ

प्रिय डोमाभाऊ,

उद्या तुझी तेरवी आहे आणि तुझा फोटो माझ्या टेबलावर पालथा पडला आहे. काच पुसून झाली, चौकट जोडून झाली, मागचा पुठ्ठा कापून झाला. खिळे तेवढे ठोकायचे राहिले आहेत. तुला माहीत आहे, फोटो आणि पुठ्ठ्याच्या मध्ये मी नेहमी एक कोरा कागद घालतो. नाही तर पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि ती ओल फोटोवर उतरते. आज तो कागद हातात घेतला आणि थांबलो. म्हटलं, हा कोराच काऊन घालायचा? दोन वर्षांपासून तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती यावर लिहावी, तुझ्या पाठीमागे ठेवावी आणि खिळे ठोकून मोकळं व्हावं.

पाहा, इथेही माझी हुशारी सुटली नाही. सांगायचं आहे, पण कोणी वाचणार नाही अशा जागी. तू असतास तर बाहेरच्या बाकावरून मान हलवली असतीस.

त्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. तुझ्या घराकडून बायांचा आवाज आला. माझे कान कसे आहेत ते तू जाणतोस. रस्त्यावरून सफारीची गाडी गेली तर कोणत्या गाईडची हे मी आत बसून सांगतो. तो पहिला आवाज तुझ्या पार्बताबाईचा होता. शटर तसंच टाकून धावलो. छातीत कळ आली म्हणालास आणि दवाखान्याची गाडी यायच्या आधी गेलास, असं तिथं कळलं. माणसाला इतकी घाई असते का रे? तू तर जंगलातसुद्धा कधी घाई केली नाहीस.

तिसऱ्या दिवशी मी मोठेपणा करत फोटो घेऊन गेलो. कोणी सांगायच्या आधीच गेलो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये तुझा एकच धड फोटो होता, ओळखपत्रासाठी काढलेला. ओळखपत्रावर तुझ्या गालावर गोल शिक्का बसला आहे, माझ्याजवळ मात्र कोरा होता. मोठा करून, मागं निळा पडदा टाकून, झकास प्रिंट काढली. पार्बताबाईनं हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि मला विचारलं, "हे कोन होय, भाऊ?"

"डोमाभाऊच की, बाई."

"अन् हा कोट कोनाचा?"

कोट माझा होता. म्हणजे स्टुडिओचा. मी सायकलला कॅमेरा बांधून गावोगावी रेशनकार्डाचे फोटो काढत फिरायचो तेव्हापासून तो कोट माझ्याकडे आहे. त्या एका कोटात अर्धा तालुका साहेब झाला. तुला मी जबरदस्तीनं घातला होता. डोक्याचा दुपट्टा सोडायला लावला, केसांना पाणी लावलं, "हसू नको, सरकारी फोटो हाये" असंही म्हणालो. तू म्हणाला होतास, "मारोतभाऊ, हे मी नाई वाटून राह्यलो गा." मी म्हटलं, "साहेब वाटून राह्यला." आणि मी बटण दाबलं.

पार्बताबाईनं प्रिंट उलटी करून खाली ठेवली. रडत नव्हती. सरळ म्हणाली, "या कोटवाल्यापुढं मी दिवा काऊन लावू? माह्या मानसाचा असन तर आन."

मी म्हटलं, आणतो. तेरवीच्या आत आणतो.

म्हटलं खरं, पण आणायचा कुठून? गावातली सतरा लग्नं माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. सगळी चाळली. प्रत्येक लग्नात तू आहेस. हातात भाताची बादली, पंगतीत वाकलेला, पाठमोरा. एका ठिकाणी कान दिसतो. मला तुझा कान ओळखता आला, पण कानापुढे दिवा कसा लावणार?

आणि डोमाभाऊ, खरी लाज वाटली ती याच्यापुढची. तुझे फोटो या जगात कोणी सगळ्यांत जास्त पाहिले असतील तर मी. शेकड्यांनी पाहिले. आणि एकेक करून माझ्याच बोटानं पुसले.

तुला आठवतं ना, मॅडम पहिल्यांदा आल्या तो दिवस? जंगलातली जनावरं मोजायला पुण्याकडून आलेल्या. झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा बांधायचा, समोरून काही गेलं की तो आपोआप फोटो काढणार. बांधून झाल्यावर तो चालतो की नाही हे पाहायला एकानं त्याच्यासमोरून चारी पायांवर जायचं, वाघासारखं. मॅडमनी हे सांगितलं आणि सगळे मजूर एकमेकांकडे पाहायला लागले. बायाही उभ्या होत्या. कोण वाकणार? तू दुपट्टा डोक्याला घट्ट केलास आणि वाकलास. नुसता वाकला नाहीस, थांबून मान फिरवलीस, एकदा मातीचा वासही घेतलास. हसून हसून लोकांचं पोट दुखलं. पार्बताबाई म्हणाली होती, "घरी वाकून कधी खरकटं ताट उचललं नाई, अन् इथी पाहा." मॅडमनी तिथंच ठरवलं, कॅमेऱ्याचं काम डोमाजींकडे.

तेव्हापासून पाच वर्षं तू जंगलात कॅमेरे बांधलेस. नखापेक्षा जरा मोठं कार्ड. भरलं की ते काढायचं, रिकामं घालायचं, पुन्हा चारी पायांवर एकदा जाऊन यायचं. मॅडमच्या मुक्कामी वीज टिकत नसे, म्हणून कार्डं माझ्या दुकानात यायची. तू नाला ओलांडून, कार्डं प्लास्टिकमध्ये गुंडाळून तंबाखूच्या डबीत, डबी डोक्यावरच्या दुपट्ट्यात, अशी घेऊन यायचास. दुकानात शिरलास की आधी दुपट्टा सोडायचास, मग डबी, मग प्लास्टिक. एवढ्या पाच वर्षांत एक कार्ड भिजलं नाही. त्याचा तुला केवढा अभिमान! "नाला छातीला होता, भाऊ. पन कार्डाले त्याचा पत्ता नाई."

मी कार्ड रीडरमध्ये घालायचो, रीडर कॉम्प्युटरला लावायचो आणि तू स्टुलावर बसून पडद्याकडे पाहायचास. आधी नुसतं गवत. मग डुक्कर. मग आपल्याच गावची गाय. तू गाय कोणाची ते सांगायचास, आणि "हे इकडे कशी गेली?" म्हणून चिंता करायचास. वाघ आला की बाकीचे लोक ओरडतात. तू नुसता "आली का बाई" म्हणायचास, जशी काही शेजारीण दारात आली.

आणि मधूनमधून माणसं. मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या बाया, सकाळी झाडाआड जाणारं कोणी. मॅडमचा नियम होता की माणसाचा फोटो ठेवायचा नाही. पण मॅडमपेक्षा तूच जास्त कडक. बाईमाणूस दिसलं की तू तोंड फिरवायचास आणि म्हणायचास, "पुस गा, पयले ते पुस. लोकाच्या मायबहिनी हायेत." मी पुसायचो. त्याच झटक्यात तुझेही पुसायचो. प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीला आणि शेवटी तूच असायचास, चारी पायांवर. मी एकदा म्हटलंही होतं, "हा एक ठेवू का? मस्त आला." तू म्हणालास, "माहा फोटो ठेवून का करतं? मी तं रोजच दिसतो."

रोजच दिसतो. ऐकतोस का, डोमाभाऊ? बारा दिवस झाले.

आता ती गोष्ट.

रीडरवर एक बारीक दिवा असतो. फोटो उतरत असतात तोवर तो लुकलुकतो. लुकलुकत असताना कार्ड ओढायचं नाही. ओढलं तर आतलं सगळं बिघडतं आणि मग कॉम्प्युटर एकच पाढा म्हणतो, कार्ड फॉरमॅट करा. हे मला कोणी शिकवलं नाही. दुकानात सफारीचे पाहुणे येतात, मला इंग्रजी येत नाही असं समजून आपसात बोलतात, त्यातून मी कॉम्प्युटर शिकलो. कॉपी म्हणजे काय, कट म्हणजे काय, दिवा म्हणजे काय, सगळं कानानं. आणि मी शिकलो ते तुला शिकवलं. तू ते असं पकडलंस की दुकानात कोणी रीडरकडे नुसता हात केला तरी तूच अडवायचास. "थांबा जी. लाइट लुकलुकून राह्यली. दूध काढताना गायीले उठवते का कोनी?"

त्या दुपारी तू आणलेलं कार्ड मी लावलं होतं. महिनाभराचं, नाल्यापलीकडच्या कॅमेऱ्याचं. मॅडम त्याच कार्डाची वाट पाहत होत्या, वाघीण पिलं घेऊन तिकडे गेली असं सगळे म्हणत होते. दिवा लुकलुकत होता. तेवढ्यात एक पाहुणा आला. त्याचं कार्ड भरलेलं, दुपारच्या सफारीची गाडी बाहेर हॉर्न मारत होती आणि गेटची वेळ होत आली होती. "पाच मिनिटांत खाली करून द्या," म्हणाला. माझ्याकडे रीडर एकच. आणि माझी ख्याती अशी की मारोतीच्या दुकानात पाहुणा रिकाम्या हातानं परत जात नाही.

मी हात घातला.

तू स्टुलावर होतास. तुझं लक्ष पडद्याकडे नव्हतं, दिव्याकडे होतं. "भाऊ..." एवढंच तू म्हणालास. तोवर कार्ड माझ्या बोटांत आलं होतं.

पाहुणा खुश होऊन गेला. मी तुझं कार्ड पुन्हा घातलं. कॉम्प्युटरनं तो पाढा म्हटला. मी काढून पुसून घातलं, फुंकर मारून घातलं, दुसऱ्या भोकात लावलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. दुकानात आणखी दोन गाईड चहा पीत उभे होते. मॅडमनी विचारलं, "मारोतीजी, त्या कार्डाचं काय?" आणि मी, जो कधी उत्तर शोधत नाही, त्या दिवशीही शोधलं नाही. तोंडातून आपसूक निघालं, "कार्ड ओलं लागलं, मॅडम. नाल्याला पाणी होतं ना."

सगळे तुझ्याकडे पाहायला लागले. तू स्टुलावर बसला होतास, हात मांडीवर. माझ्याकडे पाहिलंस. मग मॅडमकडे पाहून म्हणालास, "असन."

बस. एवढंच. असन. ना हो, ना नाही, असेल.

माझ्या कानांचं मी एवढं कौतुक सांगतो. त्या एका शब्दात काय काय होतं ते सगळं मी ऐकलं. आणि चहाचे ग्लास गोळा करायला लागलो.

मॅडम भल्या बाई. रागावल्या नाहीत. फक्त जाताना म्हणाल्या, "पाणी उतरेपर्यंत कार्डं दुसऱ्या कोणाला आणू द्या." पाणी उतरलं, पण काम तुझ्याकडे परत आलं नाही. तुला पाणवठ्यावर टाकलं, टाकं भरायला, शेवाळ काढायला. कॅमेऱ्यांपुढे दुसरंच कोणी चारी पायांवर जायला लागलं. त्याचे फोटो मी पाहायचो. तो घाईनं जायचा. मान फिरवायचा नाही.

तू दुकानात येणं सोडलं नाहीस. सोडलं असतंस तर बरं झालं असतं. पण आत स्टुलावर बसणं सोडलंस. बाहेरच्या बाकावर बसायचास आणि खिडकीतून विचारायचास, "आज का आलं कार्डात?" मी म्हणायचो, "आत ये ना, पाह्य." तू म्हणायचास, "नाई गा, इथी हवा लागते." एकदा मी मुद्दाम रिकामं कार्ड तुझ्यापुढे धरलं, "जरा पकड" म्हणून. तू दोन्ही हात पाठीमागे नेलेस. हसतच नेलेस. पण नेलेस.

आणि ती दुसरी वेळ तुला आठवत असेल. वर्ष उलटून गेलं होतं. दुकानात पुन्हा गर्दी, पुन्हा कोणीतरी घाई करत होतं आणि माझा हात रीडरकडे गेला. खिडकीतून तुझा आवाज आला, "लाइट पाह्यजो, भाऊ." ना टोमणा, ना राग. पावसात निघालेल्या माणसाला छत्री घे म्हणावं तसं. मी हात मागं घेतला. त्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्याजवळ बाकावर येऊन बसलो होतो, सांगायलाच बसलो होतो. तू तंबाखूची डबी पुढे केलीस. मी चिमूट घेतली आणि आपण गायीबद्दल बोलत राहिलो.

डोमाभाऊ, तू काऊन बोलला नाहीस? एक शिवी दिली असतीस. चार माणसांत म्हटलं असतंस, "कार्ड मारोतीनं ओढलं." खरं होतं ते. मी भांडलो असतो, खोटंही बोललो असतो, पण सुटलो असतो. तू मला सुटू दिलं नाहीस. हा एवढा एक राग माझा तुझ्यावर आहे.

तर ते कार्ड. मॅडमनी मला सांगितलं होतं, काही निघालं तर पाहा. मी चार दिवसांनी सांगितलं, काही निघत नाही. खरं तर मी पाहिलंच नव्हतं. पाहायची हिंमत नव्हती. फेकायचीही नव्हती. जुन्या निगेटिव्हच्या डब्यात टाकलं आणि वर झाकण लावलं.

परवा सगळी लग्नं चाळून झाल्यावर माझं डोकं त्या डब्यावर गेलं. बिघडलेल्या कार्डातून फोटो परत काढायचं एक सॉफ्टवेअर असतं. काल सकाळी दुकान न उघडता आत बसलो. कार्ड रीडरमध्ये घातलं. दिवा लुकलुकायला लागला आणि मी दोन्ही हात मांडीखाली घेतले, खरं सांगतो, मांडीखाली घेऊन बसलो. दुपारपर्यंत उठलो नाही. एकेक फोटो यायला लागला. नाव नाही, तारीख नाही, कोणाचा अर्धा भाग राखाडी, कोणी नुसता हिरवा पट्टा. गवत. सांबराचं शिंग. पुन्हा गवत. वाघीणही आली, मागं एक पिल्लू, दुसऱ्याची नुसती शेपूट. मॅडमची वाघीण. दोन वर्षं माझ्या डब्यात बसून होती.

आणि मग तू.

पहिल्यात नुसता गुडघा आणि हात. दुसऱ्यात चारी पायांवर, मान खाली. तिसऱ्यात थांबलेला, मान फिरवून. चौथ्यात तू उठून बसला आहेस, कॅमेऱ्याच्या अगदी पुढे, दुपट्ट्याचं टोक हातात, बहुतेक काच पुसायला आलास. डोक्याला दुपट्टा, दाढीचे खुंट, उन्हामुळे एक डोळा जरा बारीक, तोंड अर्धं उघडं. काहीतरी बोलतो आहेस. कॅमेऱ्याशी नेहमी बोलायचास तसं. छातीच्या खाली सगळं राखाडी, तेवढं गेलं. पण छातीच्या वर अख्खा डोमाभाऊ.

कार्ड बिघडलं नसतं तर त्याच दुपारी हा फोटो मी पुसला असता. हे मनात आलं आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिलं नाही. माझ्या चुकीचं हे कौतुक नव्हे. आलं ते लिहिलं.

काल संध्याकाळी प्रिंट घेऊन तुझ्या घरी गेलो. काच घालायच्या आधी एकदा दाखवावी म्हटलं. पार्बताबाई अंगणात तेरवीचे तांदूळ निवडत बसली होती. हात पुसून फोटो घेतला. पाहिला. या वेळी उजेडाकडे धरला नाही.

"हो," म्हणाली. "हे आमचे."

अंगठ्यानं दुपट्ट्याच्या जागी फोटो पुसत राहिली. मग म्हणाली, "खाली असं राखेवानी काऊन हाये, भाऊ?"

"कार्ड खराब होतं, बाई. तेवढंच वाचलं."

"तेच का कार्ड? ह्यायच्या हातून नाल्यात भिजलं होतं ते?"

डोमाभाऊ, मला वाटलं होतं, निदान घरी तू खरं सांगितलं असशील. बाहेर माझं झाकलंस ते झाकलंस, पण आपल्या बायकोजवळ माणूस मन मोकळं करतो. मी दोन वर्षं तिच्या नजरेला नजर न देता वावरलो, तिला माहीत आहे असं समजून. आणि ती सांगत होती, "ते म्हनत, माह्याच हातून झालं. डबीचं झाकन ढिलं राह्यलं म्हनत."

तिनं प्रिंट माझ्याकडे परत दिली आणि सूप मांडीवर ओढलं.

"मी लई बोलली त्यायले," ती म्हणाली. "म्हटलं, नखाएवढं कार्ड, तेबी सांभाळता नाई आलं तुमाले? वाघाच्या जंगलात फिरता अन् डबीचं झाकन लावता येत नाई? आता भरा पानी, उपसा शेवाळ. पानवठ्यावरून आले का रोज बोलू मी. लई दिवस बोलली. एक शब्द उलटून नाई बोलले. आता वाटते, काऊन बोलली असन मी? गेलेल्या मानसाले आता कशी सांगू, का माहं चुकलं?"

तांदळाचं सूप तिच्या मांडीवर होतं. मी उभा होतो. जगातली सगळी कुजबुज ज्याला ऐकू येते तो मी, तिच्यासमोर बहिऱ्यासारखा उभा होतो. म्हटलं, "फ्रेम करून आनतो, बाई." आणि निघालो. भद्रावतीला जाऊन काच आणायची आहे म्हणालो. काच दुकानात होती.

म्हणून रात्रीपर्यंत न थांबता आज दुपारीच लिहायला बसलो. सुरुवात केली तेव्हा ठरवलं होतं की हे फोटोमागं जाईल, बस्स. तुला कळेल, मला हलकं वाटेल, दुकानाचं नाव राहील. पण लिहिता लिहिता कळलं की तुला तर सगळं आधीच माहीत आहे. तुझ्या पाठीमागे पत्र ठेवून मी कोणाला सांगणार? ज्याला माहीत नाही ती पार्बताबाई आहे. तुझं काही चुकलंच नव्हतं, या गोष्टीसाठी ती तुला बोलली, आणि आता त्याचंच ओझं घेऊन तांदूळ निवडते आहे. ते ओझं माझं आहे. उचलायचं असेल तर मीच उचलायला हवं, दुसरं कोणी नाही.

लोक काय म्हणतील ते मी आत्ताच ऐकू शकतो. गाईड म्हणतील, मारोती? त्याच्या हातून तर कधी कार्ड बिघडत नाही. कोणी म्हणेल, अबे मेलेल्याच्या नावावर खपवलं त्यानं. नाही, त्याहून वाईट. जिवंत होतास तेव्हा खपवलं. म्हणू देत. मॅडम आता दुसऱ्या जंगलात आहेत, पण त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. त्यांची वाघीण त्यांना पाठवीन, आणि तिच्यासोबत ती कशी हरवली तेही. तुझे चारी पायांवरचे सगळे फोटो वेगळ्या कार्डात घेतोय, घरच्यांसाठी. बाजूला रीडर चालू आहे. दिवा लुकलुकतो आहे. मी हात लावलेला नाही.

तर वचन देतो, डोमाभाऊ. उद्या सकाळी पंगतीची भांडी लागायच्या आधी मी तुझ्या घरी जाईन. फोटो हातात असेल, पण आधी फोटो देणार नाही. आधी पार्बताबाईला सांगीन की कार्ड भिजलं नव्हतं, डबीचं झाकण ढिलं नव्हतं, कार्ड मी ओढलं. मग तिला वाटलं तर ती माझ्या हातून फोटो घेईल, नाही तर मी उंबऱ्यावर ठेवून येईन. आणि पंगत बसली की, जे दोन गाईड त्या दिवशी चहा पीत उभे होते त्यांच्यासमोर, उभं राहून हेच पुन्हा म्हणेन. बादली तेव्हा माझ्या हातात असेल. तू नाहीस तर भात कोणीतरी वाढायला हवा.

पत्र मात्र इथंच ठेवतो, तुझ्या मागं. ओल लागू नये म्हणून.

तू म्हणशील, "असन." नाही, डोमाभाऊ. असन नाही. मी सांगतो तसंच झालं होतं.

तुझा,
मारोती फोटोवाला